रेंजफाइंडरवर १५ मिमी: पहिल्या रोलआधी आणि पहिल्या रोलमध्ये

५० किंवा ३५ मिमीची सवय झालेल्या माणसाने रेंजफाइंडरवर, म्हणजे लेन्समधून न बघता शेजारच्या छोट्या खिडकीतून बघायच्या कॅमेऱ्यावर, १५ मिमीची अतिरुंद लेन्स चढवली, की कॅमेऱ्याच्या दोन मुख्य सोयी एका फटक्यात बिनकामाच्या होतात. आतल्या व्ह्यूफाइंडरमधली सगळ्यात रुंद चौकट बहुतेक बॉडींवर २८ किंवा ३५ मिमीची असते, म्हणजे फिल्मवर जे उतरणार त्याचा मधला तुकडा तेवढा तुम्हाला दिसतो. आणि फोकससाठी दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवायची जी पद्धत, तिची फारशी गरज राहत नाही. मी जिच्याबद्दल सांगणार आहे त्या व्हॉइग्टलँडरच्या १५ मिमीच्या पहिल्या आवृत्तीत तर ती सोयच नाही. उरतो तो अंतराचा अंदाज, कॅमेरा सरळ धरणारे हात आणि पुढे सरकणारे पाय.

ही लेन्स बहुतेक जण ‘जास्त मावावं’ म्हणून घेतात. मावतं, पण सगळं बारीक होऊन मावतं, आणि पहिल्या रोलमध्ये लांबवर मुंग्यांएवढी माणसं व पुढे निम्मी चौकट डांबरी रस्ता असे फोटो निघतात. म्हणून आधीच सांगून ठेवतो: या लेन्सवर फोटो ठरतो तो कॅमेरा किती सपाट धरलाय आणि तुमच्यापासून पहिल्या एका मीटरमध्ये काय आहे, या दोन गोष्टींवर. फोकस आणि एक्स्पोजर हे त्यामानाने एकदा लावून विसरायचे विषय आहेत.

एवढीशी लेन्स, एवढा मोठा आवाका

एसएलआरमध्ये, म्हणजे लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात, फिल्मच्या पुढे आरसा हलतो, त्याला जागा लागते. निकॉनच्या एफ माउंटपासून (लेन्स बॉडीवर जिथे बसते ती कडी) फिल्मपर्यंत ४६.५ मिमी अंतर आहे. १५ मिमीचं भिंग इतक्या लांबून फिल्मवर प्रतिमा पाडू शकत नाही, म्हणून पुढे मोठमोठ्या फुगीर काचा लावून ते अंतर ओढून वाढवावं लागतं. रेंजफाइंडरला आरसा नाही. लायका एम माउंटचं अंतर २७.८ मिमी, शिवाय लेन्सचा मागचा भाग बॉडीच्या आत शिरू शकतो. त्यामुळे लेन्स लहान राहते आणि सरळ रेषा सरळ राहतात. एसएलआरच्या अतिरुंद लेन्समध्ये काठावरचा खांब बाहेर पोट काढतो; इथे तसं जवळपास होत नाही.

झाइस इकॉनने १९६९ साली हॉलोगॉन अल्ट्रावाइड नावाचा कॅमेराच काढला होता: १५ मिमीची पक्की बसवलेली लेन्स, एफ/८ हे एकच अ‍ॅपर्चर, बॉडीतच बसवलेली पाणसळ, आणि खालून धरायची मूठ, कारण नेहमीसारखा धरला तर फोटोग्राफरची बोटं फोटोत यायची. तो आता संग्राहकांचा माल झालाय. सामान्य माणसाच्या आवाक्यात १५ मिमी आली ती १९९९ साली, जपानच्या कोसिना कंपनीने व्हॉइग्टलँडर या जुन्या नावाखाली सुपर वाइड-हेलियार १५ मिमी एफ/४.५ काढली तेव्हा. तिच्या जोडीला आलेल्या बेसा-एल बॉडीला रेंजफाइंडर नव्हताच, व्ह्यूफाइंडरसुद्धा नव्हता. वर एक शू, म्हणजे फाइंडर किंवा फ्लॅश सरकवायची खाच, त्यात लेन्सबरोबर मिळालेला फाइंडर खोचायचा आणि चालू लागायचं. या लेन्सचा स्वभाव कळायला ती बॉडी पुरेशी आहे.

पुढचं सगळं मी याच लेन्सला धरून सांगतो. २१ मिमीची कलर-स्कोपार किंवा रशियन २० मिमीची रुसार असेल तरी पद्धत तीच, आकडे थोडे सैल होतात.

कुठली आवृत्ती, कुठली बॉडी

तीन आवृत्त्या बाजारात फिरतात. पहिली (१९९९) ३९ मिमीच्या स्क्रू माउंटची, सुमारे १०५ ग्रॅमची, ३० सेंमीपर्यंत जवळ जाणारी. पुढचा हूड तिच्या अंगचाच आहे आणि फिल्टरला आटे नाहीत. दुसरी (२००९) एम माउंटची, रेंजफाइंडरशी जोडलेली, ५२ मिमीचा फिल्टर घेणारी, पण जवळात जवळ ५० सेंमी. तिसरी (२०१५) डिजिटल सेन्सरवर काठाला येणारी जांभळट झाक टाळायला नव्याने आखलेली, ५८ मिमी फिल्टरची आणि अडीचशे ग्रॅमच्या आसपास वजनाची.

फिल्मला ती जांभळट झाक माहीतच नाही. तिरपा प्रकाश फिल्म निमूट घेते. म्हणून केवळ फिल्मवरच वापरायची असेल तर तिसऱ्या आवृत्तीचे जादा पैसे घालू नका. मी पहिली घ्या म्हणेन: हलकी आहे, आणि ३० सेंमी विरुद्ध ५० सेंमी हा फरक या लेन्सवर फार मोठा आहे. कृष्णधवलमध्ये पिवळा किंवा नारिंगी फिल्टर लावल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नसेल, तर दुसरी.

स्क्रू माउंटची लेन्स एम बॉडीवर लावायला एक मिमी जाडीची कडी मिळते. स्वस्तातली कडी कधी कधी नेमकी एक मिमी नसते, आणि त्या केसभर फरकाने अनंताचा फोकस चुकतो. इथे शंभर रुपये वाचवू नयेत. बेसा-आर, जुनी स्क्रू माउंटची लायका, कॅनन ७ यांवर ती कडीशिवाय बसते. मागचं भिंग फार खोल जाणाऱ्या लेन्स, म्हणजे एम माउंटची हॉलोगॉन किंवा २१ मिमीची जुनी सुपर-अँग्युलॉन, मात्र लायका सीएल आणि एम५वर चढवण्याआधी चौकशी करा. त्या बॉडींमध्ये लाइट मीटरचा छोटा दांडा लेन्समागे उभा राहतो आणि भिंग त्याला धडकू शकतं.

वापरलेली घेताना

फाइंडर बरोबर आहे का, हे पहिलं विचारा. नुसती लेन्स स्वस्त वाटते आणि फाइंडर शोधायला गेलं की सगळी बचत निघून जाते. मग पुढची काच पाहा. ती फुगीर आणि उघडी असते, चरे पडतात. मोबाइलचा टॉर्च मागून लावून आत बुरशीचे धागे आहेत का बघा. मुंबई, कोकण, गोव्यातल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सचा भरवसा धरू नये.

अनंताचा फोकस बरोबर आहे की नाही हे रेंजफाइंडरमधून कळत नाही, कारण तिथून तुम्ही लेन्समधून बघतच नाही. त्यासाठी जुनी युक्ती: फिल्म नसलेल्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडा, फिल्म जिथून सरकते त्या दोन रुळांवर दुधी सेलोटेप ताणून चिकटवा, शटर ‘बी’वर ठेवून दाबून धरा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. टेपवर उलटं चित्र दिसेल. लांबची इमारत टोकदार येते का, ते जवाहिऱ्याच्या भिंगाने पाहा. तळाचं झाकण काढून फिल्म भरायच्या लायकावर हे अवघड जातं, पण बेसावर सोपं आहे. सेलोटेप काढताना शटरच्या पडद्याला बोट लावू नका.

फाइंडर हा सल्ला आहे, हुकूम नाही

वरचा फाइंडर लेन्सच्या डोक्यावर पाच-सहा सेंमी उंच बसतो. लांबच्या दृश्याला त्याने काही बिघडत नाही. पण अर्ध्या मीटरवर तुमची चौकट जेमतेम ८० सेंमी उंच असते, आणि फाइंडरमध्ये दिसतं त्यापेक्षा लेन्स ते पाच-सहा सेंमी खालचं बघते. वरचा भाग कापला जातो. उपाय साधा: चौकट जमली की कॅमेरा न वाकवता तीन बोटं वर उचला आणि मग शटर दाबा.

फाइंडरमध्ये काठाच्या रेषा वाकड्या दिसतील. तो फाइंडरच्या काचेचा दोष, लेन्सचा नाही. फोटोत त्या सरळ येतात. फाइंडर एकदा डोळ्याला लावून जागेचा अंदाज घ्या आणि नंतर डोळ्यांनीच काम करा. त्यासाठी एक आकडा पाठ करावा: आडव्या चौकटीत या लेन्सला अंतराच्या जवळपास अडीचपट रुंदी आणि दीडपट उंची दिसते (नेमकं सांगायचं तर २.४ आणि १.६). एक मीटरवरच्या दारात उभ्या आजीच्या दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा मीटर काय आहे ते फोटोत येणारच. पाच मीटरवर बारा मीटरची भिंत.

आणि लेन्सचं झाकण. लेन्समधून न बघणाऱ्या कॅमेऱ्यात झाकण लावूनच अख्खी संध्याकाळ फोटो काढता येतात, कोणी अडवत नाही. लाइट मीटर असलेल्या बॉडीत तो काळोख दाखवतो, तीच खूण. बाहेर पडलात की झाकण काढून खिशात टाका. मात्र लायकासारखी कापडी पडद्याची बॉडी असेल तर कॅमेरा सूर्याकडे तोंड करून टेबलावर ठेवू नका. भिंग आहे, पडद्याला भोक पाडू शकतं. १५ मिमीमध्ये सूर्याची प्रतिमा अगदी बारीक पडते म्हणून धोका कमी, पण शून्य नव्हे. बेसाचा पडदा धातूचा आहे.

फोकस: एकदा लावा

एफ/८ लावा, अंतराची कडी एक मीटरवर ठेवा. साधारण अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्वच्छ येईल. नव्वद टक्के फोटोंना एवढंच पुरतं, आणि म्हणूनच या लेन्सला रेंजफाइंडर जोडलेला नसला तरी अडत नाही.

उरलेल्या दहा टक्क्यांसाठी थोडं लक्षात ठेवायचं. उजेड कमी म्हणून अ‍ॅपर्चर एफ/४.५ला उघडलं, तर एक मीटरवरच्या फोकसला साधारण ६० सेंमी ते २.४ मीटर एवढंच सापडतं; तेव्हा कडी १.७ मीटरच्या आसपास न्या, म्हणजे पाऊण-एक मीटरपासून पुढचं सगळं मिळतं. अर्ध्या मीटरवरच्या वस्तूला फोकस दिला तर एफ/८ला ३३ सेंमी ते एक मीटर असा पट्टा मिळतो आणि मागचं दृश्य हलकं मऊ होतं. हे हिशेब लहान प्रिंटसाठीचे आहेत. भिंतीवर लावायचा मोठा प्रिंट करायचा असेल तर कुठून कुठवर स्वच्छ येईल ते सांगणाऱ्या लेन्सवरच्या खुणा एफ/८च्या वाचा आणि अ‍ॅपर्चर एफ/११ ठेवा.

एफ/१६ आणि एफ/२२ कडे मी जात नाही. तिथे स्वच्छ येणारा पट्टा वाढत नाही असं नाही, पण एवढ्याशा छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळीकडेच धार जाते.

अंतराचा अंदाज नसेल तर हात वापरा. डोळ्यापासून ताणलेल्या हाताच्या बोटापर्यंत साधारण ७० सेंमी. हात पुढे करून वस्तूला लागता लागता राहिला, तर एक मीटरपेक्षा तुम्ही आत आहात. आणि नवखे लोक एक मीटर समजून दोन मीटरवर उभे राहतात, हे जवळजवळ नेहमीचं आहे.

पाणसळ

आता मुख्य गोष्ट. कॅमेरा थोडा वर किंवा खाली झुकला की उभ्या रेषा एकमेकींकडे कलू लागतात. ५० मिमीवर दोन अंश चालून जातात. १५ मिमीवर तेवढ्यानेच वाड्याचे खांब एकमेकांकडे झुकलेले दिसतात, आणि दहा अंश झुकलात तर इमारत मागे कोसळायला निघाल्यासारखी दिसते. कधी तेच हवं असतं. पण ते ठरवून व्हावं. नकळत झालेला झुकाव फोटोत ताबडतोब ओळखू येतो.

गवंडी वापरतो तीच पाणसळ, फक्त नखाएवढी, कॅमेऱ्याच्या शूमध्ये बसणारी मिळते. अडचण अशी की शू एकच आणि फाइंडरही तिथेच बसणार. दोन शूंची पट्टी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर मी फाइंडर सोडून पाणसळ ठेवेन. चौकटीचा अंदाज डोळ्याने येतो, दोन अंशांचा अंदाज डोळ्याने येत नाही. कॅमेरा छातीशी धरा, वरून बुडबुडा बघा, तो मध्ये आला की शटर. लोकांना तुम्ही फोटो काढताय हेही पटकन कळत नाही, हा वरचा फायदा.

पाणसळ नसेल तर डोळ्याच्या उंचीची रेघ शोधा. कॅमेरा सपाट असेल तेव्हा तुमच्या डोळ्याच्या उंचीवरची प्रत्येक गोष्ट चौकटीच्या बरोबर मध्यात येते. समोरच्या भिंतीवर तुमच्या डोळ्याएवढ्या उंचीवर खिळा असेल, तर तो खिळा फाइंडरच्या मधोमध आणा. झालं.

पण यातूनच पुढचा पेच उभा राहतो. कॅमेरा सपाट म्हणजे क्षितिज मध्यात, आणि क्षितिज मध्यात म्हणजे खालची अर्धी चौकट जमीन. दीड मीटर उंचीवर कॅमेरा धरून सपाट उभे राहिलात, तर तुमच्यापुढे जेमतेम दोन मीटरवरची जमीन चौकटीच्या तळाला येते. उभी चौकट केली तर सव्वा मीटरवरची. तेवढ्या जमिनीवर काही नसेल तर तिथे फोटोही नाही.

पहिला मीटर

म्हणून आधी खाली बघा, मग समोर. रांगोळी, पायऱ्यांच्या झिजलेल्या कडा, देवळाबाहेर काढलेल्या चपला, भाजीवालीच्या पुढ्यातली टोपली: चौकटीच्या खालच्या अर्ध्या भागाला हा माल हवा. तो सापडला की त्याच्याजवळ जा. आणखी जवळ जा. कोथिंबिरीची जुडी ४० सेंमीवर असेल तर ती फोटोत हातभर मोठी दिसते, मागे टोपलीवाली, तिच्या मागे अख्खी मंडई. ही एकात एक तीन अंतरं एका नजरेत आणणं हेच या लेन्सचं खास काम आहे. लांब उभं राहून मंडईचा फोटो काढायला २८ मिमी पुरेशी आहे आणि ती चांगला काढते.

दुसरा मार्ग म्हणजे कॅमेऱ्याची उंची बदलणं. सपाटच ठेवा, पण गुडघ्यावर बसा. क्षितिज तरी मध्यातच राहतं, पण जमीन आवळून येते, जवळची वस्तू मान वर काढते आणि रिकामा रस्ता गायब होतो. उलट गॅलरीतून किंवा जिन्याच्या टप्प्यावरून सपाट काढलात तर चौकाचा सगळा आराखडा उलगडतो. वाड्याच्या चौकातलं तुळशीवृंदावन, भोवतालची ओसरी, वरचे कठडे, सगळं जिथल्या तिथे.

उंच वास्तूच्या आत उभी चौकट वापरा. कार्ल्याच्या चैत्यगृहात दारापासून थोडं आत, मधल्या ओळीत उभे राहून कॅमेरा सपाट आणि उभा धरलात तर स्तूप, दोन्ही बाजूंचे खांब आणि वरच्या लाकडी कमानी न झुकता एकत्र येतात. दालन सुमारे ३८ मीटर लांब आहे, त्यामुळे समोरचा स्तूप लहानसा दिसेल. तो मोठा हवा तर खांब सोडावे लागतील, आणि तो निर्णय जागेवर घ्यायचा. प्रकाश येतो तो मागच्या, दारावरच्या मोठ्या कमानदार खिडकीतून. तोंड स्तूपाकडे ठेवलंत तर तो तुमच्या बाजूने आहे, वळून दाराकडे पाहिलंत तर सगळे खांब काळे होतात. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. कॅमेरा खांबाला किंवा फरशीवर टेकवून १/८ सेकंद सहज मिळतो, कारण १५ मिमीवर हाताचा कंप फारसा दिसत नाही. हातात धरूनही १/१५ भरवशाचा आहे.

खाली बघताना आणखी एक: तुमचे पाय, तुमची सावली, कॅमेऱ्याचा पट्टा आणि डाव्या हाताचं बोट. फोकसची कडी फिरवताना ते बोट लेन्सखाली पुढे येतं आणि फाइंडरमध्ये दिसत नाही. हात मागे घ्या, पट्टा मनगटाला गुंडाळा. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य पाठीशी असला तर सावली वाचवणं जवळजवळ अशक्य आहे. तेव्हा सूर्य बाजूला घ्या किंवा सावलीला सरळ कामाला लावा.

माणसं

काठाकडे गोल गोष्टी लांबट होतात. हा लेन्सचा दोष नव्हे. सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर सपाट फिल्मवर तिरपा आलेला चेहरा ताणला जाणारच. आडव्या चौकटीच्या अगदी काठावर डोकं दीडपटीहून जास्त रुंद होतं, लाटण्याखाली आलेल्या गोळ्यासारखं. मधल्या एक-तृतीयांश भागात हा ताण आठ टक्क्यांच्या आत राहतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

तेव्हा चेहरे मधल्या भागात. काठाला भिंती, दारं, झाडं, पाठमोरी माणसं. लग्नात कोणी ‘तुमची ती रुंद लेन्स लावा, सगळे येऊ द्या’ म्हणालं तर गोड हसून ३५ मिमी लावा. नाहीतर रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या मावशी तुम्हाला वर्षानुवर्षं ऐकवतील.

एकट्या माणसाचं काम करतानाचं चित्र मात्र या लेन्सला सुंदर जमतं: चपला शिवणारा, इस्त्रीवाला, वर्कशॉपमधला लेथवरचा कारागीर. एक मीटरवर, कॅमेरा त्याच्या छातीच्या उंचीला, सपाट. हात आणि हत्यारं पुढे मोठी, चेहरा मध्यात, भोवती सगळं दुकान. एक मीटर म्हणजे बोलण्याचं अंतर. न बोलता तिथे उभं राहता येत नाही, राहूही नये. आधी दोन शब्द, मग कॅमेरा.

लोकलच्या डब्यात ५० मिमीला मागे सरकायला जागा नसते, तिथे ही लेन्स घरच्यासारखी वागते. पण गर्दीच्या वेळी अनोळखी माणसाच्या नाकापुढे कॅमेरा धरण्याचा परवाना ती देत नाही.

प्रकाश मोजणं

एवढ्या रुंद लेन्समध्ये आभाळ आत आल्याशिवाय राहत नाही, आणि आभाळ लाइट मीटरला फसवतं. मीटर ते उजळ पाहून एक्स्पोजर कमी करतो, माणसं काळी पडतात. बेसा आणि लायका एम६ दोन्ही शटरच्या पडद्यावरून परतलेला प्रकाश मोजतात, तेव्हा कॅमेरा खाली झुकवून जमिनीवरचं माप घ्या, ते लावा, मग कॅमेरा सपाट करून फोटो काढा. जमीन पांढरट किंवा फार काळी असेल तर आपल्या तळहातावरचं माप घेऊन एक स्टॉप वाढवा, म्हणजे प्रकाश दुप्पट करा.

मीटर नसलेल्या बॉडीला ४०० आयएसओच्या फिल्मवर दोनच मापं पाठ असू द्या: कडक उन्हात एफ/११ आणि १/१०००, मोकळ्या सावलीत एफ/८ आणि १/२५०. दोन्हीत तुमचा एक मीटरचा फोकस जसाच्या तसा चालतो. एफ/४.५ ही मंद, म्हणजे कमी प्रकाश आत घेणारी लेन्स आहे, म्हणून सुरुवातीला एचपी५ प्लस किंवा ट्राय-एक्स यांसारखी ४०० ची निगेटिव्ह फिल्म घ्या. स्लाइड फिल्म नको, कारण कोपरे.

कोपरे काळे पडतात. मध्यातून तिरका होत जाणारा प्रकाश भूमितीनेच कमी होतो. ५५ अंशांवरच्या कोपऱ्यात हिशेबाने मध्याच्या नवव्या हिश्शाएवढा उजेड पोहोचतो. प्रत्यक्षात लेन्सच्या आखणीप्रमाणे कमी-जास्त होतं, पण अ‍ॅपर्चर बंद केल्याने ते पूर्ण जात नाही. हॉलोगॉनला मध्ये गडद आणि काठाला स्वच्छ असा खास फिल्टर द्यायचे, आणि तो मौल्यवान उजेड खायचा. हेलियारला मी तसं काही लावायच्या भानगडीत पडलो नाही. कृष्णधवलमध्ये काळसर कोपरे बहुधा चित्राला आत ओढतात. निगेटिव्ह फिल्म ते सांभाळून घेते, फक्त अर्धा-एक स्टॉप जास्त एक्स्पोजर द्या, म्हणजे कोपऱ्यातली निगेटिव्ह अगदी पातळ राहत नाही.

पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) लावू नका. आभाळाचा एवढा मोठा तुकडा एकाच वेळी सारखा गडद होत नाही, मध्येच निळा डाग उमटतो. शूवरचा फ्लॅशही विसरा. शू फाइंडरने घेतलाय आणि बहुतेक छोट्या फ्लॅशचा उजेड २८ किंवा ३५ मिमीच्या पलीकडे पोहोचतच नाही.

पहिला रोल

३६ फ्रेम एकाच जागी घालवा, म्हणजे तुलना करता येईल. जुना वाडा, मंडई, देवळाचं आवार, पणजीच्या फोंतेन्यसमधली गल्ली, कुठलीही, जिथे खांब आहेत, जमिनीवर काहीतरी आहे आणि माणसांची ये-जा आहे.

सुरुवातीला एकाच दाराचे चार फोटो: सपाट, पाच अंश वर, पाच अंश खाली, आणि गुडघ्यावर बसून सपाट. मग एकच वस्तू, समजा पितळी घंगाळ, दोन मीटर, एक मीटर, अर्धा मीटर आणि लेन्स जाईल तितक्या जवळून. दर वेळी मागे काय आलं ते वहीत लिहा. मग एखाद्या मित्राला मध्यात, त्या मधल्या एक-तृतीयांश भागाच्या कडेवर आणि अगदी काठावर उभं करा. त्याला आधी कल्पना द्या, नाहीतर काठावरचा फोटो पाहून मैत्री ताणली जाईल. उरलेल्या फ्रेम मनासारख्या, पण एक अट पाळून: पहिल्या मीटरमध्ये काही नसेल तर शटर दाबायचं नाही.

लॅबला देताना दोन गोष्टी चिठ्ठीवर लिहून द्या. स्कॅन करताना कडा कापू नका, कारण अर्धा मिलिमीटर गेला तरी या लेन्सवर दाराची चौकट जाते. आणि कोपरे आपोआप उजळू नका. डार्करूममध्ये स्वतः प्रिंट करत असाल तर कोपऱ्यांवर काही सेकंद हात धरून तिथे पोहोचणारा उजेड कमी करा, तेवढं पुरतं. प्रिंट करायच्या आधी कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे सगळ्या फ्रेम मूळ आकारात एकत्र छापलेल्या कागदावर, नुसत्या जमिनीचा भाग बोटाने झाकून बघा. झाकल्यावर फोटो सुधारला, तर पुढच्या वेळी तिथे एक पाऊल पुढे जायचं होतं.